शब्द सांगून झाल्यावर

ऑफिसात तिला शंकाबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर नाव काही खोटं नव्हतं. घराला लॅचचं कुलूप लावून जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर तिची पावलं अडायचीच. ओढून पाहिलं होतं ना? मग परत वर जायचं, कुलूप ओढायचं, आणि खाली यायचं. नवरा तोवर स्कूटर चालू ठेवून उभा. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. कोणाच्या जबड्यात काय बसेल आणि काय टोचेल हे पाहण्यात त्याची उमर गेलेली, त्यामुळे बायकोच्या स्वभावाला कानस लावायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

शंका काढणं हाच तिचा धंदा होता. आधी ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची. तो विषय बंद पडला तेव्हा धाकट्या दिराने तिला तो नोकरी करायचा त्या कंपनीत आणलं. चष्म्याच्या दुकानावरचा मजला, दोन खोल्या, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी माणसं, आणि एकदा उघडली की बंद व्हायचं नाव न घेणारी एक खिडकी. कंपनी ब्लॉकचेनची कामं करायची. ब्लॉकचेन म्हणजे, ती घरी समजावायची त्या भाषेत, एकच दप्तर, पण त्याच्या प्रती पुष्कळ कॉम्प्युटरांवर. नवे व्यवहार एकेका पानावर लिहून मागच्या पानाला जोडायचे, साखळीसारखे. मागचं पान कोणा एकट्याला गुपचूप खोडता येत नाही.

दीर त्या व्यवहारांचा कोड लिहायचा. तिचं काम वेगळं. त्या सगळ्या कारभाराचा ती गणितात एक नमुना बांधायची. त्याला मॉडेल म्हणत. कोण काय करू शकतं, केव्हा करू शकतं, निरोप उशिरा पोचला तर काय, पोचलाच नाही तर काय, सगळं चिन्हांत मांडायचं. मग एक तपासणारा प्रोग्राम त्या मॉडेलवर सोडायचा. तो शक्य असेल ती प्रत्येक वाट चालून बघायचा. एकही वाट वाईट ठिकाणी जात नसेल तर पडद्यावर हिरवी ओळ यायची. जात असेल तर लाल, आणि खाली ती वाट, पायरी पायरीने लिहिलेली.

दिराला ऑफिसात झटपट म्हणत. हेही नाव खोटं नव्हतं.

त्या वर्षी कंपनीला मोठं काम मिळालं. शहराच्या एका टोकाला दोन वसाहती होत्या, एक जुनी, एक नवी. दोन्हीकडे घरांच्या मालकीच्या नोंदी आता ब्लॉकचेनवर होत्या, पण प्रत्येक वसाहतीची साखळी निराळी. लोकांना घरांची अदलाबदल करायची असायची. कोणाला वरचा मजला झेपत नाही, कोणाला खालचा अंधार सोसत नाही. पण आधी कोणी आपलं घर दुसऱ्याच्या नावावर करायचं? इथे सगळ्यांचं घोडं पेंड खायचं. झटपटने त्यावर तोड काढली. घरं एकाच वेळी बदलतील, नाहीतर बदलणारच नाहीत. मधली अवस्थाच नाही.

आणि पहिली अदलाबदल ठरली ती त्याच्या आईची.

सासूबाईंचे गुडघे गेले होते. जुन्या वसाहतीतलं घर त्यांच्या नावावर, थोरला मुलगा आणि सून त्यांच्याजवळच. चौथा मजला, लिफ्ट नाही. जिना उतरताना त्या कठड्याकडे तोंड करून, एकेक पाय आडवा टाकत उतरायच्या, आणि प्रत्येक वळणावर, "देवा, उचल रे बाबा, पण खाली गेल्यावर," असं म्हणायच्या. नव्या वसाहतीत तळमजल्यावर एक शिंपी राहायचे. त्यांच्या घरात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जायचा नाही. त्यांना उजेड हवा होता, सासूबाईंना जमीन. दोघांची गाठ झटपटनेच घालून दिली. "पहिला व्यवहार आईचा," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. उद्घाटनाला दोन्ही वसाहतींचे पदाधिकारी येणार होते. कंपनीच्या साहेबांनी मंडपवाल्याला बोलावून माप घ्यायला लावलं होतं.

शंकाबाईच्या मॉडेलला हिरवी ओळ आली त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. अहवाल लिहून तिने सही केली की झालं.

तो अहवाल लिहिताना तिचा हात थांबला.

अहवालात गृहीतकं लिहावी लागत. कुठल्याही मॉडेलमध्ये काही गोष्टी धरून चालाव्याच लागतात, नाहीतर तपासणारा प्रोग्राम जन्मभर वाटाच चालत बसेल. तिने टाइप केलं: "साखळीला एकदा जोडलेलं पान पुन्हा सुटत नाही." आणि ती त्या वाक्याकडे बघत बसली. असं तिने सुरुवातीला धरलं होतं, तात्पुरतं, मॉडेल आवाक्यात राहावं म्हणून. मग ते तिथेच राहिलं, पाहुणा म्हणून आलेला दूरचा नातेवाईक राहतो तसं. पान सुटत नाही हे खरं होतं का? मोठ्या साखळीत सहसा सुटत नाही. पण नव्या वसाहतीची साखळी लहान होती, कॉम्प्युटर मोजकेच. कधी दोन कॉम्प्युटर एकाच वेळी दोन वेगळी पानं जोडतात, साखळीला दोन फांद्या फुटतात, आणि मग जी फांदी लांब वाढते ती खरी धरून दुसरी सोडून देतात. सोडलेल्या पानावरचे व्यवहार पुन्हा रांगेत. बहुतेक वेळा कोणाला पत्ताही लागत नाही.

तिने ते गृहीतक काढून टाकलं, प्रोग्राम पुन्हा लावला आणि डबा धुवायला गेली. परत आली तर ओळ लाल होती.

पहिला विचार आला तो साखळीचा नाही, स्वतःचा. गेल्याच वर्षी अशीच लाल ओळ आली होती. तिने आरडाओरडा करून काम थांबवलं, गिऱ्हाईक तुटायच्या बेतात आलं, आणि शेवटी निघालं काय, तर मॉडेलमध्ये एका जागी 'आणि'च्या ऐवजी तिने 'किंवा' लिहिलं होतं. साहेब रागावले नव्हते. "चालायचंच," एवढंच म्हणाले होते. त्या 'चालायचंच'ची सल तिच्या मनात अजून होती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. हिला तर आता पाण्याचीही धास्ती वाटत होती.

दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. ती लाल वाट तिने हाताने कागदावर चालून पाहिली, उलटी चालून पाहिली. प्रत्येक पायरीला स्वतःला विचारलं, हे खऱ्या साखळीत होऊ शकतं, की माझ्या मॉडेलचा हा खोटारडेपणा? जेवताना घास हातात राहायचा. नवरा म्हणाला, "कवळी टोचत असली की माणूस असंच जेवतं." ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी ती दिराच्या टेबलापाशी गेली.

"भाऊजी, जरा वेळ आहे?"

"वहिनी, सही झाली ना?"

"नाही. आईंची दोन्ही घरं जाऊ शकतात."

त्याने खुर्ची फिरवली. ती वाट त्याने वाचली, आणि वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "पान सुटायला हवं, तेही नेमकं मुदतीच्या तोंडावर. आणि नेमकं तेच पान. वहिनी, उद्या तुम्ही म्हणाल आभाळ पडलं तर काय!"

"आभाळ कधी पडलेलं नाही. पान सुटलेलं आहे. त्यांच्या साखळीत गेल्या महिन्यात सुटलंय, मी पाहिलं."

"गेल्या वर्षीही तुम्ही पाहिलंच होतं," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्यालाही कसंसंच झालं असावं, कारण तो एकदम पडद्याकडे वळला. खोलीत सगळ्यांनी ऐकलं होतं. शंकाबाई आपल्या जागेवर येऊन बसली. त्या न मिटणाऱ्या खिडकीतून वारा येत होता आणि तिचे कागद फडफडत होते, पण त्यांच्यावर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही.

साहेबांनी बोलावलं. "बाई, मी तुमच्यावर अविश्वास नाही दाखवत. पण मंडपवाल्याला आगाऊ रक्कम गेली, पत्रिका गेल्या. मला एक सांगा, तुमची खात्री आहे?"

इथेच तिची पंचाईत होती. जन्मात कधी तिची खात्री झालेली नव्हती. कुलपाचीसुद्धा नाही.

"खात्री नाही म्हणूनच सही करत नाही," ती म्हणाली. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि तिला शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

घरात बातमी तिच्या आधी पोचली. संध्याकाळी ती आली तर सासूबाई खुर्चीवर ताठ बसलेल्या. धाकट्याने फोन केला होता, आणि आपण यापुढे तिकडे जेवायला येणार नाही असंही सांगितलं होतं.

"काय गं," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांशी तुझं काय वाकडं आहे?"

"आई, असं नका बोलू."

"मग कसं बोलू? चार मजले तू दिवसातून दोनदा चढतेस, मला एकदा चढवत नाहीत. पोराने जिवाचं रान केलं. आणि तू म्हणे सही करत नाहीस. का, ते मला समजेल असं सांग. मी काही कॉलेजात गेले नाही, पण दोन पोरं आणि एक नवरा सांभाळलाय."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. शंकाबाईने क्षणभर विचार केला, आणि फळीवरचे दोन डबे काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले. घराची किल्ली एका डब्यात टाकली. नवऱ्याच्या दुकानाची किल्ली घेतली आणि दुसऱ्या डब्यात टाकली.

"हे आपलं घर. ते शिंपीकाकांचं. दोन्ही घरं अशी डब्यात बंद करायची. दोन्ही डबे एकाच गुप्त शब्दाने उघडतात, आणि तो शब्द फक्त तुम्हाला माहीत आहे."

"काय शब्द?"

"काहीही. तुमचा तुम्ही ठरवा. तुम्ही त्यांच्या डब्यापाशी जायचं, शब्द मोठ्याने सांगायचा, डबा उघडतो, त्यांचं घर तुमचं. शब्द आता सगळ्यांनी ऐकला. तोच वापरून शिंपीकाका आपला डबा उघडणार, आपलं घर त्यांचं. तुम्ही शब्द सांगितलाच नाही, तर मुदत संपली की ज्याची किल्ली त्याला परत. आपल्या डब्याची मुदत जरा पुढची, त्यांना उघडायला वेळ मिळावा म्हणून."

"झकास आहे की," सासूबाई म्हणाल्या. "यात वाईट काय?"

"आता तुम्ही मुदत संपता संपता शब्द सांगितला. डबा उघडला. पानावर नोंद झाली. आणि ते पान सुटलं. म्हणजे डबा उघडलाच नव्हता असं झालं. एरवी पुन्हा जाऊन शब्द सांगता येतो. पण एवढ्यात मुदत संपली. त्यांचं घर त्यांना परत."

सासूबाई डब्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे दार उघडलं, मी शब्द सांगून बसले, आणि मग ते म्हणणार, दार उघडलंच नव्हतं?"

"हो."

"पण शब्द तर त्यांनी ऐकला."

"हो आई."

"आणि त्या शब्दाने माझा डबा उघडतो."

शंकाबाईने मान डोलावली. मग सासूबाईंनी दोन्ही डब्यांतल्या किल्ल्या एकाच डब्यात टाकल्या आणि तो पलीकडे सरकवला. "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं," त्या हळूच म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पण शिंपी भला माणूस आहे. तो असं करायचा नाही."

"त्यांनी काही करायलाच नको. सगळं फोनमधलं अ‍ॅप आपोआप करतं. मुदत संपली की घर परत घे, शब्द कळला की डबा उघड. काका दुपारी झोपलेले असतील आणि जागे होतील तेव्हा दोन घरांचे मालक असतील."

सासूबाईंनी फोन मागितला आणि धाकट्याला लावला. "ये इकडे. जेवायला नको येऊस, नुसता ये."

तो आला. चौथ्या मजल्यापर्यंत धावत आल्यामुळे धापा टाकत दारातच उभा राहिला. वहिनीकडे त्याने पाहिलं नाही.

"एकच विचारते," आई म्हणाली. "पान सुटतं की नाही?"

"आई, क्वचित सुटतं गं. फार क्वचित."

"क्वचित म्हणजे हो, की नाही?"

टेबलावरच्या डब्यात दोन किल्ल्या एकत्र पडलेल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या, काय खेळ झाला असेल ते त्याला कळलं असावं. "बघतो," एवढंच म्हणून तो परत गेला. जिन्यात त्याची पावलं नेहमीसारखी धडधडत गेली नाहीत.

पुढचे दिवस शंकाबाईला कसे गेले हे तिचं तिलाच माहीत. ऑफिसात तिच्याशी कोणी वाकडं बोलत नव्हतं, पण ती आली की बोलणं थांबायचं. तिच्या मनाची दोन्हीकडून ओढाताण. वाट खोटी निघाली तर तिचं इथलं दाणापाणी संपलं. खरी निघाली तर दिराचं नाक कापलं जाणार, तेही तिच्या हातून, आणि त्यानेच तिला इथे आणलेलं. काय व्हावं असं आपल्याला वाटतंय, हेही तिला कळेना. त्या आठवड्यात ती कुलूप बघायला रोज दोनदा वर गेली.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत जायच्या आधी झटपट तिच्या टेबलाशी आला. दाढी वाढलेली. त्याने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. कंपनीची एक खोटी साखळी होती, सरावासाठी. तिच्यावर त्याने मुद्दाम फांद्या फोडून पाहिल्या होत्या, बऱ्याचदा काही झालं नव्हतं. मग एकदा झालं. पडद्यावर दोन घरं होती. दोन्हींपुढे शिंप्याचं नाव. आईचं नाव कुठेच नव्हतं.

"मी ते नाव शोधत बसलो वहिनी," तो म्हणाला. "खोटी साखळी आहे हे माहीत असून. वर खाली करत बसलो."

तिला वाटलं होतं की हे पाहून सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. "बसा भाऊजी," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची ओढली.

साहेबांना दोघांनी मिळून सांगितलं. चूक माझी, असं झटपटने आपणहून म्हटलं. गृहीतक माझं होतं, असं तिने. साहेबांना कोणाची चूक यात रस नव्हता. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, मंडपवाल्याचा नंबर शोधत. समारंभ रद्द झाला. नव्या वसाहतीच्या अध्यक्षांनी फोनवर जे काय ऐकवलं ते चष्म्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. काम हातचं जातं की राहतं, हे कितीतरी आठवडे कळत नव्हतं. पगार उशिरा झाला, आणि सगळ्यांना तो कोणामुळे उशिरा झाला हे माहीत होतं.

दुरुस्ती मात्र दोघांनी शेजारी बसून केली. कुठलीही नोंद पक्की धरायची ती तिच्यावर पुरेशी पानं साचल्यावरच. गुप्त शब्द मुदतीच्या तोंडावर सांगायलाच बंदी. पान सुटलंच तर पुन्हा सांगायला वेळ उरला पाहिजे. त्यामुळे जे काम चहा पिता पिता व्हायचं त्याला आता जवळजवळ अख्खा दिवस लागणार होता. झटपटला हे जिव्हारी लागलं, पण त्याने केलं. तो कोड लिही, ती मॉडेल बदले. ती लाल ओळ दाखवी, तो शिवी हासडे, मग दोघं पुन्हा बसत. शेवटी हिरवी ओळ आली. अहवालात तिने लिहिलं की एका वेळी आम्ही धरलेल्या आकड्यापेक्षा जास्त पानं सुटली तर आमची हमी नाही. साहेब म्हणाले हे वाक्य बारीक अक्षरात घ्या. ती म्हणाली ठळक घ्या, नाहीतर माझी सही काढा. वाक्य ठळक राहिलं.

अदलाबदल झाली ती गाजावाजा न करता, एका साध्या मंगळवारी. सकाळी दोन्ही घरं बंद झाली, आणि अकराच्या सुमाराला सासूबाईंनी अ‍ॅपमध्ये आपला शब्द घातला. कोणता ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. झटपटला पाठ करून उभं राहायला लावलं. नंतर वाट बघणं. सामान टेम्पोत भरलेलं, टेम्पो शिंपीकाकांच्या दारात, त्यांचंही सामान ओसरीवर. सासूबाई रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. त्या वेळी कागदोपत्री त्यांचं घर कुठेच नव्हतं, ना वर ना खाली.

"किती वेळ?" शिंपीकाका दर थोड्या वेळाने विचारत. "आमच्या वेळी सही केली की झालं."

"आमच्या वेळी फसवणूकही तशीच व्हायची, पटकन," शिंपीकाकू आतून म्हणाल्या.

शंकाबाई टेम्पोच्या सावलीत उभी होती. फोनवर एकेक पान साचत होतं. प्रत्येक पानागणिक तिला वाटे, आता सुटेल. मध्येच वेग मंदावला, बराच वेळ नवं पान येईना, तेव्हा तिने नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की त्याने हळूच सोडवून तो झटकला. "कवळ्या याच हाताने बनवायच्यात गं," तो म्हणाला. मग पान आलं. त्याच्यावर आणखी एक आलं. काही सुटलं नाही. संध्याकाळच्या आत दोन्ही नोंदी पक्क्या झाल्या.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"काहीच तर झालं नाही. उगीच दिवसभर बसवलं," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन उठल्या. मग उंबरठा ओलांडून, एकही पायरी न चढता, आपल्या घरात गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "केवढा अंधार आहे गं बाई! दिवा लाव आधी."

लोक पुढेही असंच म्हणत राहिले. वर्षभरात पुष्कळ घरं बदलली, काही झालं नाही, आणि एवढा वेळ का लागतो म्हणून तक्रारी येतच राहिल्या. शंकाबाईला दाखवण्यासारखं काही नव्हतं. जे घडलं नाही ते दाखवणार कसं? तिची झोपही काही सुधारली नाही. मॉडेलमध्ये अजून बाकीची गृहीतकं होतीच, आणि आंघोळ करताना, भाजी निवडताना, तिला त्यांतलं एखादं आठवायचं.

पण एक फरक पडला होता. परवा झटपट नव्या कामाचा कोड घेऊन तिच्या टेबलाशी आला. अजून अर्धाही झाला नव्हता.

"वहिनी, चालतोय का ते नंतर बघा," तो म्हणाला. "आधी सांगा, यात मी काय काय धरून चाललोय?"

तिने चष्मा लावला आणि कागद ओढून घेतला. "बसा भाऊजी. वेळ लागेल."